कळतं, पण वळत नाही: एडीएचडी समजून घेताना आणि औषधांशिवाय एकाग्रता वाढवताना

माझी लेक आठ वर्षांची असतानाची गोष्ट. मी तिला एका दमात तीन कामं सांगितली. आतल्या खोलीतून गणिताची वही आण, येताना दिवा बंद कर आणि पेन्सिलीला टोक करून अभ्यासाला बस. "हो आई" म्हणत ती लगेच उठली. दहा मिनिटं झाली तरी येईना, म्हणून मी आत गेले. दिवा चालूच. लेक पलंगाच्या कडेवर बसलेली, एका हातात शार्पनर, दुसऱ्या हातात पेन्सिल आणि मांडीवर पेन्सिलीच्या सालांची रांग, लहानापासून मोठ्यापर्यंत नीट लावलेली. वहीचा पत्ता नाही. "वही कुठंय?" म्हटल्यावर तिनं दचकून वर पाहिलं. त्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता की काही लपवल्याचा भाव नव्हता. वही आणायची होती, हे तिच्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं.

त्या दिवशी मी तिला खूप बोलले. नेहमीचेच शब्द: वेंधळी, धांदरट, लक्ष कुठं असतं तुझं. पुढे दोन वर्षांनी तिचं एडीएचडीचं निदान झालं. डॉक्टर तिच्याबद्दल एकेक प्रश्न विचारत होते आणि प्रत्येक प्रश्नाला मला माझं लहानपण दिसत होतं. काही महिन्यांनी माझंही निदान झालं. मुलाच्या निमित्तानं आईला किंवा बाबांना स्वतःचं कोडं उलगडतं, असं बऱ्याच घरांत होतं.

ज्यांच्या कानावर हे नाव नुकतंच पडलंय आणि औषधाच्या आधी किंवा औषधाच्या जोडीनं आपल्या हातात काय आहे हे ज्यांना हवंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. सगळं एकदम करायला जाऊ नका. एक पायरी दोन आठवडे टिकली की मग पुढची.

आधी हे नक्की काय आहे

एडीडी आणि एडीएचडी अशी दोन नावं ऐकू येतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८० साली 'अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर' हे नाव आलं, १९८७ मध्ये त्यात 'हायपरॅक्टिव्हिटी' जोडलं गेलं आणि तेव्हापासून अधिकृत नाव एडीएचडीच आहे. बोलण्यात मात्र जुनं नाव टिकून राहिलं. १९९४ पासून याचे तीन प्रकार मानले जातात: मुख्यतः लक्ष न टिकणं, मुख्यतः अतिचंचलपणा आणि उतावळेपणा, किंवा दोन्ही एकत्र. म्हणून 'आमचं मूल तर शांत बसतं, त्याला कसं असेल?' हा प्रश्न फसवा आहे. खिडकीबाहेर बघत शांत बसलेलं मूल वर्गात कुणालाच त्रास देत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. मुलींच्या बाबतीत हे फार घडतं.

लक्ष सगळ्यांचंच उडतं. मग रेघ कुठं मारायची? निदानाचे निकष स्पष्ट आहेत. लक्ष न टिकण्याची नऊ लक्षणं आहेत आणि चंचलपणा-उतावळेपणाची नऊ. यातल्या एका गटातली निदान सहा (सतरा वर्षं पूर्ण झालेल्या व्यक्तींत पाच) लक्षणं किमान सहा महिने दिसायला हवीत. काही लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली असायला हवीत. ती एकाच ठिकाणी नव्हे, घरी आणि शाळेत किंवा घरी आणि कामावर अशी किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. आणि त्यांनी रोजचं आयुष्य खरोखर अडायला हवं. गेल्या वर्षी नोकरी बदलली आणि तेव्हापासून लक्ष लागत नाही, असं असेल तर कारण बहुधा दुसरं आहे. साधारण शंभरातल्या पाच मुलांना आणि अडीच प्रौढांना एडीएचडी असतो असा ढोबळ अंदाज आहे. म्हणजे मोठ्या वर्गात एखादं-दुसरं मूल.

कारणांबद्दल लोकांच्या मनात सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून इथे जरा थांबते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं की यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० ते ८० टक्के आहे. २००७ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी एडीएचडी असलेल्या २२३ मुलांच्या आणि नसलेल्या तितक्याच मुलांच्या मेंदूंचे स्कॅन ताडून पाहिले. मेंदूच्या बाह्यपटलाची जाडी कमाल पातळीला पोचण्याचं मध्यम वय इतर मुलांत साडेसात वर्षं होतं, तर या मुलांत साडेदहा. वाढीचा क्रम तोच, फक्त तीनेक वर्षं मागे. आणि हा उशीर सर्वात जास्त कुठं होता? कपाळामागच्या भागात, जो स्वतःला आवरणं, बेत आखणं, लक्ष धरून ठेवणं ही कामं करतो. नऊ वर्षांच्या मुलाकडून नऊ वर्षांच्या शिस्तीची अपेक्षा करताना हे आठवत राहावं. आई-वडिलांनी लाड केले म्हणून किंवा धाक ठेवला नाही म्हणून एडीएचडी होत नाही. बुद्धीशीही त्याचा संबंध नाही.

'लक्षाची कमतरता' हे नावही थोडं चुकवणारं आहे. हीच मुलं आवडीच्या खेळात किंवा चित्रात दोन-दोन तास बुडून जातात, आणि मग ऐकावं लागतं, 'तिथं बरं लक्ष लागतं!' लक्ष असतं. ते हवं तिथं वळवता येत नाही आणि नको तिथून काढता येत नाही. जे काम रंजक आहे, नवं आहे किंवा अगदी गळ्याशी आलंय, त्यात मेंदू आपोआप गुंततो. जे महत्त्वाचं आहे पण ज्याचं फळ उशिरा मिळणार आहे, तिथं गाडी सुरूच होत नाही.

'कळतं पण वळत नाही' हे आपण टोमणा म्हणून वापरतो. एडीएचडीचं याहून नेमकं वर्णन मला सापडलेलं नाही. रसेल बार्कली हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कित्येक दशकं हेच सांगत आले आहेत: काय करायचं हे या माणसांना माहीत असतं, ते ऐन वेळी हातून होत नाही. हे पटलं की पुढचं सगळं सरळ होतं. कळतंच आहे, तर आणखी समजावून, आणखी उपदेश करून फरक पडणार नाही. मदत ठेवायची ती जिथं काम करायचंय त्या जागी आणि ज्या क्षणी करायचंय त्या क्षणी. खालच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात.

पहिली पायरी: दोन आठवडे फक्त नोंद

काहीही बदलण्याआधी एक छोटी वही घ्या. दिवसातून एकदा चार ओळी लिहायच्या: आज लक्ष कुठं सुटलं, किती वाजता, काय काम होतं, आदल्या रात्री झोप किती झाली. जोडीनं हेही लिहा की आज कुठं लक्ष छान लागलं. ही दुसरी नोंद लोक गाळतात, आणि खरी उपयोगाची तीच असते. माझ्या वहीत दहा दिवसांत दिसलं की सकाळी उठल्यावरचे दोन तास माझे आहेत, दुपारी तीननंतरचे नाहीत. बरीच वर्षं मी हिशेबाचं काम नेमकं दुपारी घेऊन बसत होते आणि स्वतःला नावं ठेवत होते.

मुलाबद्दल लिहिताना विशेषणं नकोत. 'आज फार वात्रटपणा केला' यातून पुढे काही हाती लागत नाही. 'सहा गणितांपैकी दोन झाली, तिसऱ्याला उठला' यातून लागतं.

दुसरी पायरी: दुसरं काही नाही ना, हे तपासा

लक्ष न लागण्याची इतर कारणं बरीच आहेत आणि त्यातली काही सहज बरी होणारी आहेत. चष्म्याचा नंबर, कमी ऐकू येणं, लोह कमी असणं, थायरॉइड, घोरण्यामुळे किंवा श्वास अडल्यामुळे मोडणारी झोप, काळजीचा आजार, नैराश्य, वाचन-लेखनातली अडचण. मुलांसाठी बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ, मोठ्यांसाठी मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्याकडे ती नोंदवही घेऊन जा. रक्ताची किंवा स्कॅनची एकच चाचणी करून एडीएचडी ठरत नाही. सविस्तर बोलणं, पालक आणि शिक्षकांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्या आणि लहानपणापासूनचा इतिहास यांवरून निदान होतं. पाच मिनिटांत 'हो, आहे' किंवा 'छे, काही नाही' असं कुणी सांगितलं तर दुसरं मत घ्या.

औषधांबद्दल इथेच स्पष्ट बोलते. औषधांशिवाय काय करता येतं, हा या लेखाचा विषय आहे. याचा अर्थ औषधं वाईट आहेत असा नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात ५७९ मुलांवर १४ महिने वेगवेगळे उपचार केले गेले. मूळ लक्षणं कमी करण्यात नीट देखरेखीखालचं औषध एकट्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरलं. दोन्ही एकत्र दिल्यावर मात्र आई-वडील आणि मुलाचं नातं यांसारख्या इतर गोष्टींत जास्त फायदा दिसला. उलट सहा वर्षांखालच्या मुलांसाठी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आधी पालक-प्रशिक्षण द्या, असंच सांगते. तेव्हा सौम्य त्रास असेल, मूल फार लहान असेल, औषध सोसत नसेल किंवा तूर्त घ्यायचं नसेल, तर खालच्या पायऱ्या पाया म्हणून वापरा. औषध चालू असेल तरीही वापरा. चालू औषध मात्र लेख वाचून बंद करू नका. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तर नाहीच.

तिसरी पायरी: झोप आणि हालचाल

हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते, किशोरवयात ८ ते १०, मोठ्यांना किमान ७. एडीएचडी असलेल्या बऱ्याच माणसांचं शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं आणि रात्री अकराला त्यांना तरतरी येते. अशा वेळी 'लवकर झोप' म्हणून उपयोग नाही. उठण्याची वेळ पक्की करा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, आणि उठल्याबरोबर उजेडात जा. रात्रीची वेळ हळूहळू मागे येते.

व्यायामाचा परिणाम त्याच दिवशी दिसतो. २० मिनिटं जोरात चालल्यावर किंवा धावल्यावर या मुलांना स्वतःला आवरणं सोपं जातं आणि वाचन-गणितही सुधारतं, असं प्रयोगात दिसलेलं आहे. म्हणून अभ्यास संपला की खेळ, हा क्रम उलटा करून पाहा: आधी खेळ, घाम पुसून पाणी, मग अभ्यास.

चौथी पायरी: डोक्यातलं बाहेर काढा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक हीच घाईत उरकतात.

एखादी गोष्ट करता करता ती मनात धरून ठेवण्याची जी जागा असते, तिला कार्यस्मृती म्हणतात. कुणाच्याही मेंदूत ती छोटीच असते, एका वेळी तीन-चार गोष्टी मावतील एवढी. एडीएचडीमध्ये ती आणखी गळकी असते. वही, दिवा, पेन्सिल या तीन कामांतलं शेवटचं माझ्या लेकीच्या हाती लागलं आणि आधीची दोन सांडली, ती इथंच. गळक्या भांड्यात पाणी साठवायला 'लक्ष देऊन भर' म्हणून चालत नाही. पाणी दुसरीकडे ठेवावं लागतं.

मोठ्यांनी एकच वही ठेवायची. दोन नाही, फोनमधली चार ॲप नाहीत, पाकिटांच्या पाठी नाहीत. आठवलेलं प्रत्येक काम त्यात जातं. पण नुसती यादी पुरत नाही, कारण यादी चाळीस कामांची झाली की ती उघडायचीच भीती वाटते. म्हणून रोज सकाळी त्या वहीतून फक्त तीन कामं एका कोऱ्या चिठ्ठीवर उतरवा आणि चिठ्ठी जिथं बसता तिथं, नजरेच्या रेषेत चिकटवा. वही मिटलेली. दिवसभर फक्त चिठ्ठी.

'जिथं काम, तिथं आठवण' हे जमेल तितकं शब्दशः घ्या. उद्या द्यायचा कागद दाराच्या कडीला अडकवा, म्हणजे तो हातात घेतल्याशिवाय दार उघडत नाही. गोळ्या घ्यायच्या असतील तर टूथब्रशशेजारी. किल्ल्यांना दाराजवळ एकच खुंटी. कपाटाच्या आत ठेवलेली वस्तू आमच्यासारख्यांसाठी जगातून नाहीशी झालेली असते. उघडे कप्पे, पारदर्शक डबे आणि मोठ्या अक्षरांतल्या पट्ट्या दिसायला तितक्या सुबक नसतात, पण त्यांनी माझे रोजचे शोधाशोधीचे तास वाचवलेत.

मुलांसाठी आम्ही असं केलं. दाराच्या आतल्या बाजूला, लेकीच्या डोळ्यांच्या उंचीवर एक पांढरा फळा लावला. त्यावर सकाळची पाच कामं, प्रत्येकासमोर तिनंच काढलेलं चित्र आणि एक चुंबकाची गोळी. काम झालं की गोळी डावीकडून उजवीकडे. पहिल्या आठवड्यात मी सवयीनं "दप्तर भरलंस का?" विचारत राहिले. मग ठरवून वाक्य बदललं: "गोळ्या कुठपर्यंत आल्यात?" ती पळत जाऊन फळा बघायची आणि उरलेलं काम स्वतः शोधायची. दुसऱ्या आठवड्यात सकाळचं ओरडणं जवळपास थांबलं होतं. सूचना देणारी मी नव्हते, फळा होता, आणि फळ्यावर कुणाला रागावता येत नाही.

वेळही अशीच बाहेर काढायची. एडीएचडीमध्ये वेळ दोनच प्रकारची असते: 'आत्ता' आणि 'आत्ता नाही'. 'अर्ध्या तासात निघायचंय' हे आम्हाला निघायच्या शेवटच्या पाच मिनिटांत खरं वाटू लागतं. आकडे दाखवणारं घड्याळ इथं कमी पडतं, कारण त्यात उरलेली वेळ दिसत नाही. काट्यांचं घड्याळ लावा, किंवा रंगीत पट्टा कमी होत जाणारा टायमर घ्या. काचेवर शाईनं 'इथे काटा आला की उठायचं' अशी खूण करून ठेवलीत तरी चालेल. आणि आठवडाभर एक सराव करा: प्रत्येक कामाआधी 'किती वेळ लागेल' याचा अंदाज लिहा, नंतर खरा वेळ लिहा. माझा अंदाज जवळजवळ नेहमी निम्मा निघायचा. आता मी अंदाज करते आणि दुप्पट करून दिवस आखते.

प्रौढांसाठीच्या मानसोपचारातही भर याच गोष्टींवर असतो. मेरी सोलान्टो यांच्या २०१० मधल्या अभ्यासात प्रौढांच्या एका गटाला बारा आठवडे वेळ, बेत आणि व्यवस्था सांभाळण्याची कौशल्यं शिकवली गेली, तर दुसऱ्या गटाला नुसता आधार देणारी चर्चा मिळाली. पहिल्या गटाचं लक्ष न टिकणं जास्त कमी झालं. अशा प्रकारची बोधात्मक वर्तनोपचार पद्धत शिकवणारे तज्ज्ञ मिळत असतील तर एकट्यानं झगडण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

पाचवी पायरी: सुरुवात लहान करा

बहुतेकांना वाटतं की अडचण काम चालू ठेवण्यात आहे. प्रत्यक्षात निम्मी लढाई सुरू करण्यात असते. 'निबंध लिही' हे काम नाही, तो डोंगर आहे. 'वही उघड, तारीख लिही' हे काम. ही पहिली पायरी इतकी क्षुल्लक असावी की तिला नाही म्हणायला लाज वाटेल. दोन मिनिटांत होणारी, हातानं करायची, डोक्यानं नव्हे. तारीख लिहून झाल्यावर पेन हातात असतंच, आणि पुष्कळदा पुढची ओळ आपोआप येते. नाही आली तर पुन्हा तेवढंच छोटं दुसरं पाऊल.

याला जोड द्या 'जेव्हा-तेव्हा' वाक्याची. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात यावर बरंच काम केलं. 'मी रोज अभ्यास करेन' या संकल्पापेक्षा 'जेव्हा मी शाळेतून येऊन बूट काढेन, तेव्हा वही टेबलावर ठेवेन' हे वाक्य कितीतरी जास्त पाळलं जातं. पुढे एडीएचडी असलेल्या मुलांवरही ते तपासलं गेलं आणि स्वतःला आवरण्याच्या चाचण्यांत त्यांना फायदा झाला. यात ऐन वेळी ठरवायचं काही उरत नाही. बूट निघाले की ते वाक्य आपसूक जागं होतं. एका वेळी एक किंवा दोनच वाक्यं ठरवा, मोठ्यानं म्हणा आणि लिहा. अडथळ्यांसाठीही वापरा: 'जेव्हा फोन वाजेल, तेव्हा मी हातातली ओळ पूर्ण करेन.'

तरीही सुरुवात होत नसेल तर कुणाला तरी शेजारी बसवा. त्या माणसानं मदत करायची गरज नाही, तो स्वतःचं काम करत बसला तरी चालतो. मी हिशेब करताना माझी बहीण व्हिडिओ कॉलवर तिचं विणकाम करत बसते. आम्ही एक शब्द बोलत नाही. तिच्या असण्यानंच मी खुर्चीत टिकते.

सहावी पायरी: कामाचे तुकडे, मध्ये खरी विश्रांती

फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्यानं १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर लावून अभ्यास करायला सुरुवात केली: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. टोमॅटोला इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणतात, त्यावरून पद्धतीला नाव पडलं. पण २५ हा आकडा पवित्र नाही. तुमच्या नोंदवहीत लक्ष साधारण कितव्या मिनिटाला सुटतं ते पाहा आणि टायमर त्याच्या दोन मिनिटं आधी लावा. मुलाचं लक्ष आठ मिनिटांनी सुटत असेल तर सहा मिनिटांनी उठवा. सुटायच्या आत थांबल्यानं 'मला जमलं' ही भावना राहते, आणि मग आठवड्याला एकेक मिनिट वाढवता येतं.

विश्रांतीत फोन नको. पाच मिनिटांची ती पंचेचाळीस कधी होते कळत नाही. उठा, पाणी प्या, दोन खोल्या चाला, हात ताणा.

काम चालू असताना सगळ्यात जास्त व्यत्यय बाहेरून येतो की आतून? माझ्या बाबतीत आतून. 'अरे, बिल भरायचं राहिलं', 'त्या पक्ष्याचं नाव काय होतं?' अशा विचारांना दाबू नका आणि त्यांच्यामागे जाऊही नका. शेजारी एक कोरा कागद ठेवा, त्यावर दोन शब्दांत टिपा आणि परत या. कागदावर गेलेला विचार दार ठोठावणं बंद करतो. फोन मात्र दुसऱ्या खोलीत, नुसता पालथा नव्हे. एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारली की लक्षाचा काही भाग पहिल्यातच रेंगाळतो, हे सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं. 'फक्त एक मेसेज पाहिला' याची किंमत त्या दहा सेकंदांपुरती नसते.

मुलांच्या बाबतीत आणखी थोडं

सूचना एका वेळी एक. दुसऱ्या खोलीतून हाक मारून नाही. जवळ जाऊन, खांद्याला हात लावून, डोळ्यांत पाहून, आणि मग मुलाकडून ती परत म्हणवून घ्या. 'का केलं नाहीस?' याचं उत्तर त्याच्याकडे नसतं. 'आता पहिलं काय?' याचं असतं.

कौतुक त्याच क्षणी आणि नेमकं करा. 'शहाणं बाळ' यापेक्षा 'टायमर वाजायच्या आधी तू स्वतःहून पुस्तक उघडलंस, ते मला दिसलं.' महिनाअखेरीचं मोठं बक्षीस या मुलांसाठी 'आत्ता नाही' मध्ये जमा होतं, म्हणजे नसल्यासारखंच. आजच्या कामाचे आजच गुण, आणि आजच त्यांचं काहीतरी मिळायला हवं: एक जादा गोष्ट, दहा मिनिटं जास्त खेळ. शिक्षकांशी बोलून रोजची छोटी शेरापत्रिका सुरू करता आली तर फार उत्तम. तीनच उद्दिष्टं लिहायची, शिक्षकांनी हो किंवा नाही अशी खूण करायची, आणि घरी आल्यावर त्याचं बक्षीस. घर आणि वर्ग यांना जोडणारा याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

आणि हलू द्या. २०१५ मधल्या एका अभ्यासात दिसलं की एडीएचडी असलेली मुलं जास्त हलत असताना कार्यस्मृतीच्या चाचणीत जास्त चांगली कामगिरी करतात. इतर मुलांत उलटं होतं. पाय हलवत किंवा उभ्यानं पाढे म्हणणारं मूल अभ्यास टाळत नसतं. 'आधी सरळ बस' म्हटलं की त्याची सगळी ताकद सरळ बसण्यातच जाते.

ज्यावर वेळ घालवू नये

साखर बंद करण्यानं एडीएचडी कमी होत नाही. १९९५ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला आणि साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम आढळला नाही. १९९४ मधला एक प्रयोग तर पालकांनी मनावर घ्यावा असा आहे. काही आयांना सांगितलं की तुमच्या मुलाला आत्ता भरपूर साखर दिली आहे. प्रत्यक्षात कुणालाच दिली नव्हती. त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली, आणि त्या मुलांवर जास्त टीका करू लागल्या. साखर दातांसाठी आणि एकूण तब्येतीसाठी कमी करा, हे वेगळं.

मेंदूचे व्यायाम म्हणून विकल्या जाणाऱ्या खेळांत माणूस त्या खेळात तरबेज होतो. रोजच्या लक्षात त्याचा फारसा फरक उतरत नाही. ध्यानाचा काहींना उपयोग होतो, मलाही झाला, पण डोळे मिटून वीस मिनिटांनी सुरुवात करू नका. तीन मिनिटं, चालता चालता, पावलांकडे लक्ष देत. मन भरकटलं की परत आणायचं, एवढाच त्याचा सराव.

हे सगळं बंद पडेल तेव्हा

बंद पडेलच. एडीएचडीच्या मेंदूला नवं हवं असतं आणि चार-सहा आठवड्यांत सुंदर फळा भिंतीसारखा दिसू लागतो. पहिल्यांदा आमचा फळा दिसेनासा झाला तेव्हा मला वाटलं, संपलं, पुन्हा मूळपदावर. आता आम्ही आधीच ठरवून ठेवलंय: दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फळ्याची जागा, रंग किंवा चित्रं बदलायची. तत्त्व तेच, रूप नवं. एखादा आठवडा पूर्ण हुकला तर हुकलेलं भरून काढायच्या मागे लागू नका. तीन कामांची नवी चिठ्ठी लिहा आणि आजपासून धरा.

दोन-तीन महिने मनापासून करूनही शाळा किंवा नोकरी हातची जात असेल, घरात रोज भांडणं होत असतील, गाडी चालवताना लक्ष सुटून अपघात होता होता वाचले असाल, मूल 'मी मूर्खच आहे' असं म्हणू लागलं असेल, तर परत तज्ज्ञांकडे जा आणि औषधांबद्दल मोकळेपणानं विचारा. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर दोन-तीन महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी मदत घ्यायची. माझ्या लेकीला आठवीपर्यंत औषध लागलं नाही, नववीत लागलं. गोळी सुरू झाली तरी फळा दारावरच आहे. आता त्यावर चित्रं नसतात. तिच्या बारीक अक्षरात तीन ओळी असतात आणि शेजारी एक चुंबकाची गोळी.